माचीवरील दुनळी बंदूक तीन बोटे आखूड जाहली त्याची हकीकत

श्री शिक्का समर्थ. श्री परवाना समर्थ. ज्यांचे कृपेवाचून या राज्यात पान हालत नाही, आणि हाललेच तर हालल्याचा दाखला मिळत नाही, त्या उभयतांस दंडवत घालोन हकीकत लिहितो ऐसीजे. शके एकोणीसशे शेहेचाळीस, क्रोधीनाम संवत्सर, चैत्र मासापासोन कार्तिक मासापर्यंत जे वर्तमान जाहले ते कागदपत्री पाहोन आणि माणसांचे तोंडून ऐकोन लिहिले आहे, पदरचे काही घातले नाही, राग तेवढा पदरचा आहे. राज्याचे नाव लिहावयास परवानगी लागते. तिचा अर्ज दिला आहे, उत्तर आले नाही, सबब नाव गाळिले.

त्या राज्याचे पश्चिमेस डोंगर, डोंगरावर माची, आणि माचीवर पूर्वी सात घरे नांदत होती. मग एकेक करोन सहा घरे पोटापाठी शहरास उतरली, दारास कड्या घालोन गेली ती फिरोन आली नाहीत, आणि सातवे घर हौसाबाई ढेबे यांचे ते राहिले. बाई साठीच्या पुढील, अंगाने काटक, उंचीने इतक्या ठेंगण्या की घराचे दार बुटके असोनही त्यांस कधी वाकावे लागले नाही. बोलणे थोडे आणि तोंडावर. पती धाकलूजी ढेबे दोन सालांमागे माघ मासी वारले, लेकी दोघी आपापले घरी, आणि खाली गावात पुतण्या होता तो भला, वरचेवर म्हणे, "काकी, येकल्या कशाला ऱ्हाता, खाली या." बाई हो म्हणत आणि जात नसत. माचीचे उतारावर नाचणीचे शेत एक, त्याजवर बाईंची वर्षाची भाकर. नाचणी हाती लागली तर बाई माचीवर आपल्या चुलीपुढे, न लागली तर खाली दुसऱ्याच्या चुलीपुढे, इतकाच मामला होता. परंतु रानातील वराहांची फौज दर साली दाणा भरतेवेळी उतरे आणि दिवेलागणीस शेतात शिरोन पहिला अंधार पडेतो निम्मे शेत आडवे करी. धाकलूजी होते तोवर ते शेतातील माळ्यावर उभे राहोन दुनळी बंदुकीचा हवेत बार करीत, मारणे नव्हे, हुसकणे इतकेच, आणि फौज माघारी फिरे. त्यांचे मागे पहिल्या साली परवाना बाईंचे नावे फिरेना, बंदूक ठाण्यात जमा राहिली, नाचणी गेली. परवाना कैसा फिरला ती बखर निराळी. दुसऱ्या साली बंदूक हाती आली आणि बाईंनी बार केला, त्याचे वर्तमान पुढे. तेही साल गेले. कणगीत जुने होते त्याजवर भागविले, आता कणगीचा तळ दिसो लागला, आणि तिसरे साल गेले तर गड खाली करणे प्राप्त होते.

बार केला त्याचे वर्तमान ऐसे. धाकलूजी धिप्पाड पुरुष, बंदूक त्यांचे मापाची. बाईंनी दस्ता खांद्यास लावावा तर बोट चापास पोचेना, बोट पोचवावे तर दस्ता काखेत शिरे. तरी हिय्या करोन बार टाकिला, तो दस्ता उसळोन जबड्यास बसला, आणि बाई माळ्यावरोन खाली आल्या, दोन दात मागाहून आले. वराहांचा मुख्य एक सुळेवाला होता, तो बाराने दचकला खरा, परंतु पुढे बाईंचा दुसरा बार येईना हे पाहोन शांतपणे जेवावयास बैसला. चैत्रात जबडा निवला तेव्हा खालील गावचा शिवा सुतार, धाकलूजींचा जन्माचा सोबती, समाचारास माचीवर आला आणि बंदूक हाती घेऊन, फिरवून पाहोन बोलता जाहला, "वैनी, ह्यात अवघड काय हाय? दस्ता लाकडाचा. आना हिकडं. तीन बोटं करवतीनं उडवतो, कानस मारतो, मागं रबराची चकती बसवतो. न्याहारीच्या आत काम हुतंय." बाई म्हणाल्या, "आन् कागुद?" शिवा म्हणाला, "कागुद बघाय हितं माचीवर कोन येतंय?" बाई म्हणाल्या, "कोन येवो न्हाई तर ना येवो. परवान्याच्या पाठीवर लिवलंय, सरकारला इचारल्याबिगार हत्याराला करवत लावायची न्हाई. मालक जलमभर त्या कागदाच्या आत ऱ्हायलं, शिवाभावजी. म्या कशी भाईर जाऊ?" हे खरेच होते. राज्यात निवडणूक लागली की बंदुका ठाण्यात जमा कराव्या ऐसा दंडक, आणि धाकलूजी ताप असो, पाऊस असो, बंदूक खांद्यावर टाकोन डोंगर उतरत, जमा करोन पोच घेत, ती पोच देव्हाऱ्यात ठेवीत. ऐशा एकोणीस पोचा देव्हाऱ्यात होत्या, बाई त्यांस उदबत्ती ओवाळीत. शिवाने पुष्कळ समजाविले, बाईंनी ऐकिले नाही, आणि तो करवत जैसी आणिली तैसी घेऊन गेला.

मग वैशाख शुद्ध पंचमीस बाईंनी सरकारवाड्यावर स्वारी केली. बंदूक गोधडीत गुंडाळिली, काडतुसे निराळ्या पिशवीत घेतली, कारण कायदा तैसा आहे, आणि भाकरी बांधोन डोंगर उतरल्या व लाल गाडीत बैसोन वाड्यावर दाखल जाहल्या. तेथे हत्यारांचे दफ्तर गजाननपंत बोकील यांजकडे. पंत गोरे, मृदुभाषी, कोणास कधी नाही म्हणत नसत, उद्या म्हणत. त्यांनी बाईंस बैस म्हटले नाही, परंतु नमस्कार घेतला आणि विचारिते जाहले, "बंदूक लांब आहे म्हणता, ते कशावरून?"

"माज्यावरनं," बाई म्हणाल्या. "ह्ये बगा, दोन दात गेल्याती."

"दात गेल्याचा दाखला आणलात?"

"दातच आनल्याती," ऐसे बोलोन बाईंनी पदराची गाठ सोडिली.

पंतांनी दात पाहिले नाहीत. म्हणाले, "बाई, दफ्तरात दात चालत नाहीत. तुमच्या उंचीचा दाखला आणा. हाताच्या लांबीचा आणा. मग अर्ज लिहून द्या, की काय हवे." बाई म्हणाल्या, "काय हवं ते आत्ताच सांगत्ये. दस्त्याचं लाकूड तीन बोटं कमी करायचं. नळीला हात लावायचा न्हाई. नळी तीस बोटं हाय, आन् अठ्ठावीसच्या खाली गेली की कायद्यात ती चोरटी बंदूक हुती. म्या लाकूड म्हन्त्ये, लाकूड." पंत हसोन बोलिले, "कायदा आम्हांस शिकवू नका." तेणेप्रमाणे बाई परतल्या, आणि सरकारी वैद्याने त्यांस भिंतीशी उभे करोन उंची मापिली, हात पसरवोन हात मापिला, आणि बाई ठेंगणी आहे ऐसा शिक्क्यानिशी दाखला दिला. अर्ज खालच्या गावचे शाळामास्तरांनी चार पाने लिहिला, त्यात दस्ता हा शब्द अकरा वेळा घातला, बाईंनी बोट ठेवोन मोजोन घेतला. ज्येष्ठात बंदूक दफ्तरी जमा केली, पोच घेतली, ती देव्हाऱ्यात विसावी जाहली. मग पाऊस लागला आणि बाईंनी नाचणी लाविली. आषाढ गेला, श्रावण आला, बाई भांगलण करीत आणि उतारावरोन खाली वाट पाहत. त्या साली नाचणी ऐसी मातली की माचीचे जुने माणूस असते तर त्याने दृष्ट काढिली असती. बाईंनी स्वतःच काढिली.

इकडे दफ्तरात काय जाहले ते लिहितो. हाकिमांस दिवसास तीनशे कागद, सबब दफ्तराची चाल ऐसी की अर्ज कितीही पानांचा असो, त्याचे सार एका ओळीत उतरोन वर डकवावे, हाकिमांनी ओळ पाहोन सही करावी, खालील पाने उलटू नयेत, उलटली तर काम तुंबते. पंतांनी चार पानांची ओळ केली ती ऐसी: अर्जदार बाई ठेंगणी, सबब तिची दुनळी बंदूक तीन बोटे आखूड करून मिळावी. हाकिमांनी त्याजवर मंजूर ऐसा शेरा मारिला आणि कागद सिलेखान्यात रवाना जाहला. सिलेखान्यात खाती दोन, एक लाकडाचे आणि एक लोखंडाचे. लाकडाचे खात्याचा सुतार सात सालांमागे निवृत्त जाहला, त्याची जागा भरली नाही, भरावी की न भरावी याचा विचार वर चालला आहे. उरला लोखंडाचे खात्याचा हणमंता लोहार, तीस साले चाकरीची, निवृत्तीस चार मास बाकी. त्याजपुढे बंदूक आणि ओळ आली. त्याने बंदूक मापिली आणि उठोन पंतांकडे आला. म्हणाला, "पंत, ह्यात दस्ता म्हनायचं ऱ्हायलं असंल. नळी तीन बोटं कापली तर सत्तावीस हुती. गुन्ह्यात बसती." पंत म्हणाले, "लाकडाचे काम तुझ्या खात्यात बसते काय?" "न्हाई जी." "हुकमात दस्ता आहे काय?" "न्हाई जी. पर खालच्या अर्जात आसंल." "अर्ज वाचणे तुझे काम काय?" "न्हाई जी." पंत मृदुपणे बोलिले, "हे बघ, हुकूम फिरवायचा तर हाकिमांपुढे फिरून न्यावा लागतो. त्यांस सांगायचे की साहेब, तुमची सही चुकली. तू सांगतोस? नावानिशी लिहून देतोस?" हणमंता मुजरा करोन गेला, आणि नळी शिकंज्यात धरोन कापिली. काप इतका सरळ घेतला, कानस इतकी मऊ मारिली आणि वरोन ऐसे पाणी दिले की तोंड कारखान्यातून आल्यासारखे दिसो लागले. हातास वाईट काम येत नव्हते, त्यास तो काय करील? आणि वाईट कामास नाही म्हणणेही हातास येत नव्हते, तेही लिहिले पाहिजे.

भाद्रपदात गौरी उठल्या आणि बाईंस बोलावणे आले. बाई ठेवणीतले लुगडे नेसोन गेल्या. पंतांनी बंदूक पुढे ठेविली, बाईंनी ती उचलोन खांद्यास लाविली, तो दस्ता पूर्वीसारखाच काखेत शिरला. बाईंनी बंदूक उतरविली, दस्त्यावर हात फिरविला, मग पुढे पाहिले आणि नळीचे तोंडास बोट लाविले. "ह्ये काय केलंसा?" इतकेच बोलिल्या. पंत म्हणाले, "परत देण्याआधी हत्यार मोजावे लागते, रीत आहे," आणि कपाटातून सरकारी बोट काढिले. माणसांची बोटे लहानमोठी म्हणोन राज्याने पितळेचे बोट करोन ठेविले आहे. ते नळीवर एकापुढे एक ठेवोन मोजिले, सत्तावीस भरले. फिरोन मोजिले, सत्तावीस. मग पंत उठोन आत गेले, आणि हाकीम स्वतः बाहेर येते जाहले. हाकीम तरुण, इस्तरीचे, चेहऱ्यावर घाई. विचारिते जाहले, "बंदूक कोणाची?" बाई म्हणाल्या, "माजीच की." कारकुनाने लिहिले. "आखूड करण्याचा अर्ज कोणाचा?" "माजा. पर त्यो लाकडाचा." कारकुनाने माझा इतके लिहिले, पुढील लिहिले नाही, कारण ओळ भरली. बाई म्हणाल्या, "आवो सायेब, म्या कापली काय? तुमच्याच सिलेखान्यात कापली. हुकूम तुमचाच हाय न्हवं?"

हाकीम किंचित विचार करोन बोलिले, "हुकूम बंदूक आखूड करण्याचा होता. बेकायदा करण्याचा नव्हता."

हा न्याय ऐकोन दफ्तर धन्य धन्य म्हणो लागले. मग दोष कोणाचा याची चौकशी तेथेच उभ्याउभ्या जाहली. कापणारे खाते निर्दोष, कारण हुकूम पाळिला. हुकूम देणारे निर्दोष, कारण अर्जावरोन दिला. ओळ करणारे निर्दोष, कारण ओळ ही अर्जाचीच. उरला अर्ज, आणि अर्ज बाईंचा. बाईंनी चार पाने काढा म्हटले, तर ती निकालात निघाली सबब तळघरात गेली होती. कापणारा म्हणोन बोलाविलेला हणमंता लोहार दाराशी उभा होता, बाईंनी त्याजकडे पाहोन विचारिले, "दादा, तुमास्नी तरी ठावं हुतं न्हवं?" हणमंता दाराआड सरला. बाईंचे वय पाहोन हाकिमांस दया आली. कैद माफ केली, बंदूक सरकारजमा केली, परवाना रद्द केला आणि बाईंनी पुढे आयुष्यात हत्यार बाळगू नये ऐसा कागद केला. "आंगठा की सही?" कारकुनाने विचारिले. "सही येती," बाई म्हणाल्या, आणि हौसाबाई धाकलू ढेबे ऐशी पुरती सही केली. नळीचा कापिला तुकडा, तीन बोटांचा, दोन नळ्यांचे जोडकडे, तो परवान्यात कोठे लिहिला नव्हता, तुकडा म्हणजे हत्यार नव्हे, सबब तो बाईंचा माल ठरोन पोच घेऊन परत दिला. हणमंतानेच फडक्यात बांधोन दिला.

बाई वाड्याबाहेर आल्या तो रस्त्याने एका सरदाराचे पुत्राची वरात चातुर्मास न जुमानिता चालली होती. पुढे वाजंत्री, मागे फेटेवाले, आणि चौघे आडदांड हातभर लांबीच्या बंदुका एका हाती उंच धरोन भर रस्त्यात बार टाकीत होते. बाई चाळीस साले नळी पुसणाऱ्या, त्यांनी नजरेनेच मोजिले, एकही अठरा बोटांवर नव्हती. अंमळाने मघाचेच हाकीम घाईने फेटा बांधीत वाड्यातून निघाले आणि वरातीत पुढे जाऊन उभे राहिले, लोकांनी त्यांचे गळा हार घातला. पितळेचे बोट कपाटातच राहिले. बाई फडक्याची गाठ आवळोन चालत्या जाहल्या, लाल गाडीची वेळ जाहली होती.

मग आश्विन आला आणि दाणा भरला. खंडेनवमीस घरोघर हत्यार पुजतात, बाईंनी पाट मांडिला आणि पाटावर ते जोडकडे ठेविले, हळदकुंकू वाहिले, झेंडूचे फूल ठेविले. दुसरे दिवशी दसऱ्यास शिवा सुतार आपट्याची पाने घेऊन आला, तो पाटाकडे पाहोन उंबऱ्यातच बैसला. म्हणाला, "वैनी, माजं ऐकलं आसतंसा तर." बाई म्हणाल्या, "तर बंदूक ऱ्हायली आसती, नाचनी ऱ्हायली आसती, म्याबी ऱ्हायल्ये आसत्ये. व्हय. ठावं हाय मला." आणि मग कधी न रडणारी ती बाई पदर तोंडाशी धरोन रडली, म्हणाली, "चोरून केलं आसतं तर कुनी बघितलंबी नसतं, भावजी. म्या इचारलं, त्येवडंच चुकलं." शिवा उठला. त्याने ते कडे माळ्याचे खांबास तारेने टांगोन दिले आणि वाजविण्यास विळ्याची बोथट पाठ दाखविली, त्याजकडून तेवढीच चाकरी घडली.

त्या दिवसापासोन बाई दिवेलागणीस माळ्यावर चढत आणि कडे वाजवीत. आवाज मोठा नव्हता, गाईचे गळ्यातील घाटेइतका. पहिले दिवशी वराहांची फौज बांधाशी थांबली, कान दिले आणि परतली. दुसरे दिवशी थांबली. तिसरे दिवशी सुळेवाला एकटा पुढे आला, ऐकोन गेला. चौथे दिवशी सर्व फौज शेतात शिरली. बाईंनी हात भरोन येईतो वाजविले, ओरडल्या, दगड मारिले, पेटते लाकूड टाकिले, ते ओल्या चाऱ्यात विझले. पाचवे दिवशी फौज कडे वाजण्याचे वेळेवर येऊ लागली, वाजले की जेवण वाढिले ऐसे तिने समजोन घेतले. सातवे दिवशी उतारावर नाचणीचे एक ताट उभे नव्हते, आणि सुळेवाल्याने माळ्याचे खांबास अंग घाशिले, तो बाई वर बैसल्या होत्या आणि कडे आपोआप वाजत होते. बाईंनी मग ते वाजविले नाही.

कार्तिक शुद्ध द्वितीयेस गड खाली जाहला. पुतण्या न्यावयास आला, बाईंनी कणगी झाडली, चूल पोतेरली, विसाही पोचा देव्हाऱ्यातच राहू दिल्या आणि दारास कडी घातली. उतरताना मागे पाहिले नाही. खाली पुतण्याची बायको गुणाची, तिने काकींस पाट दिला, गरम पाणी दिले, आपली जागा दिली. दुसरे दिवशी सकाळी ती पाणी भरोन आली तो बाई चुलीपुढे बैसलेल्या, पिठाचा डबा पुढे झाकलेलाच, आणि विचारित्या जाहल्या, "सूनबाई, भाकरीला पीठ घिऊ का?" ती कळवळोन म्हणाली, "अवो काकी, घर तुमचंच हाय, इचारता काय?" बाई डब्याकडे पाहत म्हणाल्या, "इचारायची सवं हाय बाई मला. जात न्हाई." आणि तिने झाकण काढोन देईतो बाईंनी डब्यास हात लाविला नाही.

येणेप्रमाणे वर्तमान जाहले. साल अखेरीस वाड्यातून वर अहवाल गेला त्यात एक बेकायदा हत्यार हुडकोन जप्त केले ऐसे लिहिले, आणि हाकिमांची वाहवा जाहली. हणमंता लोहार निवृत्त जाहला, त्याची जागा भरली नाही. माचीवर आता वराह नांदतात, त्यांस परवाना लागत नाही. लेखनास परवानगी मागितली नाही, शहाणे जाहलो. इति.